नडगी दुखतेय आणि ‘थोडं पळून बघतो’? हौशी धावपटूंनो, या चुका टाळा

पाऊस सुरू झाला की आमच्या साताऱ्यात यवतेश्वरच्या घाटात नवे कोरे बूट दिसायला लागतात. हिल हाफ मॅरेथॉन तोंडावर आलेली असते. 21 किलोमीटर, आधी चढ, मग तोच उतार. मे महिन्यापर्यंत जिना चढायला कुरकुरणाऱ्या माणसाला जुलैत एकदम जाग येते. गेली 9 वर्षं दर रविवारी मी या मंडळींबरोबर पळतोय. माणसं बदलतात, चुका त्याच.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे भराभर अंतर वाढवणं. दुसऱ्यांचं कशाला, माझंच सांगतो. दुसऱ्या वर्षी मी आठवड्याला 15 किलोमीटर पळत होतो, ते तीन आठवड्यांत 40 वर नेलं. दम लागत नव्हता, म्हणून वाटलं सगळं झकास चाललंय. इथेच फसतो माणूस. दमसास थोड्या आठवड्यांत सुधारतो. हाडं आणि कंडरा (स्नायू हाडाला जोडणारे दोर) तयार व्हायला महिने लागतात. बैल दमदार, पण गाडीच्या चाकाची लोखंडी धाव ढिली.

डाव्या नडगीच्या आतल्या बाजूला दुखायला लागलं. सुरुवातीला दोन किलोमीटर दुखायचं, मग अंग तापलं की विसरायला व्हायचं. स्प्रे मारला, पट्टी बांधली आणि ‘थोडं पळून बघतो’ म्हणत आणखी 12 दिवस रेटले. मग रात्री अंथरुणातही ठणका लागायला लागला. एक्स-रे काढला, तर नॉर्मल! कंदी पेढे वाटायचेच काय ते बाकी होते. त्याच रविवारी पुन्हा घाटात गेलो आणि सहाव्या किलोमीटरला पाय टेकवेना. एका टेम्पोवाल्याने दुधाच्या कॅनांमध्ये बसवून खाली आणलं. एमआरआयमध्ये हाडाला बारीक तडा दिसला, स्ट्रेस फ्रॅक्चर. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत असा तडा एक्स-रेत बऱ्याचदा दिसतच नाही, हे मला तेव्हा कुठे ठाऊक? 8 आठवडे पळणं बंद. शर्यतीच्या दिवशी मी पाण्याच्या टेबलामागे उभा.

तेव्हापासूनची माझी सवय अशी. नडगी दुखली की बोटाने दाबत जायचं. कडेने वीतभर नुसतं ठसठसत असेल, तर चार-पाच दिवस सुट्टी आणि मग निम्म्या अंतरापासून सुरुवात. पण हाडावर एकाच जागी, रुपयाएवढ्या ठिकाणी दाबल्यावर जीव जात असेल, त्या पायावर भार दिला की कळ येत असेल किंवा रात्री पडल्या पडल्याही ठणकत असेल, तर पळणं त्याच दिवशी बंद आणि हाडांचे डॉक्टर गाठायचे. आठवड्याला दहा टक्केच अंतर वाढवा, असं सगळे सांगतात. ते काही ब्रह्मवाक्य नाही. मी तीन आठवडे थोडं थोडं वाढवतो आणि चौथ्यात मुद्दाम कमी करतो. घड्याळातला आलेख खाली गेला की पोरांना कसनुसं होतं. होऊ दे.

दुसरा माझ्या डोक्यात जाणारा प्रकार म्हणजे पळण्याआधी वेदनाशामक गोळी. ‘काका, एक घेतली की उतारावर गुडघा बोलत नाही.’ अरे, तो बोलतोय ते ऐकायला नको का? आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक जातीच्या गोळ्या मूत्रपिंडाकडचा रक्तपुरवठा कमी करू शकतात. त्यात घामाने अंगातलं पाणी गेलेलं. या दोन गोष्टी एकत्र आल्या की मूत्रपिंडाला इजा व्हायचा धोका वाढतो. गोळीशिवाय स्टार्ट लाइनला उभं राहता येत नसेल, तर त्या दिवशी उभं राहू नये. यावर माझ्याशी वाद घालायला येऊ नका.

उताराबद्दल. चढावर गेलेला वेळ उतारावर ‘वसूल’ करणारे शूर दर वर्षी भेटतात. उतारावर मांडीचे पुढचे स्नायू ताणले जाता जाता ब्रेक लावत असतात, आणि त्याचं बिल दुसऱ्या दिवशी येतं. आमच्यातला एक जण सोमवारी ऑफिसचा जिना कठडा धरून उलटा उतरत होता. पावलं छोटी टाका, पुढे पाय फेकू नका, आणि सरावात उतारही पळा. चढ पळून रिक्षाने खाली येणाऱ्यांना तो ऐनवेळी कुठून जमणार?

बाकीचं पटापट. नवे बूट शर्यतीला घालू नका. थंड अंगाने पाय ताणत बसण्यापेक्षा दहा मिनिटं भरभर चाला. सुती बनियन भिजलं की काखा सोलवटतात, व्हॅसलिन लावा. नुसतं पाणी ढोसू नका. प्रमाणाबाहेर झालं तर रक्तातलं सोडियम उतरतं. तहानेपुरतं प्या, लांब पळताना मीठ-साखरेचं लिंबूपाणी ठेवा. अंगात ताप असताना पळू नका, विषाणूची सूज हृदयाच्या स्नायूंपर्यंत जाऊ शकते. आणि छातीवर दडपण, जबड्यात किंवा हातात कळ, थंड घाम असं काही झालं की ‘पित्त असेल’ म्हणत शेवटचा किलोमीटर पुरा करायचा नाही. तिथेच थांबायचं, कुणाला तरी हाक मारायची, थेट हॉस्पिटल.

परवाच एकाचा मेसेज आला: ‘सर, 5 आठवडे उरलेत, आजवर 4 किलोमीटरच्या वर पळालो नाही. जमेल ना?’ त्याला लिहिलं, यंदा पहाटे साडेपाचला ये, पाण्याच्या टेबलावर माणसं कमी पडतात.