शुश्रूषागृहांचं सरकारी ऑडिट : आधी माणसं मोजा, मग पैसे

शुश्रूषागृहाच्या किंवा निवासी काळजीकेंद्राच्या ऑडिटला पहिल्यांदा गेलेला माणूस बहुधा कॅशबुक उघडून बसतो. कॅशबुक जुळतंच, ते जुळवण्यासाठीच कुणीतरी पगार घेत असतो. इथे सरकारी पैसा सहसा माणशी आणि दिवसागणिक जातो, म्हणून पहिला कागद मागायचा तो रोजच्या निवासी संख्येचा.

रूढ हिशेब असा: मध्यरात्री जितकी माणसं मुक्कामी, तितके त्या तारखेचे निवासदिवस. दाखल झाल्याचा दिवस धरायचा, सुटल्याचा नाही. 3 तारखेला आलेला माणूस 10 तारखेला गेला तर 7 दिवस. बिलात 8 दिसतील. यात दरवेळी लबाडी असतेच असं नाही, कधी सॉफ्टवेअरच दोन्ही टोकं मोजतं. पण वर्षात 120 जण सुटले असतील तर 120 दिवसांची जादा मागणी झाली. मंजुरीच्या आदेशात वेगळा नियम असला तर तोच लागू, त्यामुळे जाण्याआधी आदेश वाचलेला हवा.

60 बेडच्या केंद्रात 30 दिवसांच्या महिन्याला जास्तीत जास्त 1800 दिवस होतात. मागणी 1796 ची असेल आणि त्याच महिन्यात चार मृत्यू झाले असतील, सहा जण रुग्णालयात हलवले असतील, तर तिथे थांबा. संख्यापट हवा तसा नव्याने लिहिता येतो. औषधवाटपाचा तक्ता, परिचारिकेच्या पाळीच्या नोंदी, स्वयंपाकघरातली ताटांची संख्या आणि रुग्णालयाचं डिस्चार्ज कार्ड हे चारही कागद मागाहून बनवून एकमेकांशी जुळवणं फार अवघड. तक्त्यावर पाच दिवस कोरे आणि बिलात तेच पाच दिवस भरलेले, हा या कामातला नेहमीचा आक्षेप. फक्त रुग्णालयात गेलेल्याचा बेड राखून ठेवण्याचे पैसे योजनेत मिळतात का, किती दिवसांचे, हे तपासल्याशिवाय तो लिहू नका.

कर्मचाऱ्यांच्या खर्चात साधं गणित उपयोगी पडतं. एका जागेवर चोवीस तास माणूस ठेवायचा तर आठवड्याला 8 तासांच्या 21 पाळ्या. एक माणूस सहा पाळ्या करतो, म्हणजे रजा न धरताही साडेतीन माणसं लागतात. पगारपत्रकावर तीनच नावं असतील तर एक तर जादा पाळ्यांचा मोबदला दिसायला हवा, नाही तर काही रात्री ती जागा रिकामी होती. उलट बाजूने, एकाच संस्थेची दोन केंद्रं असतील तर दोन्हींची पगारपत्रकं बँक खाते क्रमांकानुसार लावून पाहा. एकच परिचारिका एकाच रात्री दोन्हीकडे हजर, हे मस्टरवरून कळत नाही, पाळीपत्रकावरून कळतं.

सगळ्यात जास्त वेळ द्यावा तो निवाशांनी संस्थेकडे ठेवलेल्या स्वतःच्या पैशांना. रक्कम किरकोळ, म्हणून नवखे ते शेवटच्या दिवसावर ढकलतात. पण हिशेब विचारणारं बहुधा कुणी नसतं, आणि गैरवापर तिथेच मुरतो. प्रत्येकाच्या शिल्लक रकमांची बेरीज आणि हे पैसे ठेवलेल्या खात्याची बँकेतली शिल्लक एकाच तारखेला जुळली पाहिजे. बँक कमी असेल तर बहुधा संस्थेने पगारासाठी ‘तात्पुरती’ उचल केलेली असते. मग मृतांची यादी घ्या आणि त्यांच्या नावावर अजून काय पडून आहे ते पाहा. अमेरिकेच्या केंद्रीय नियमांत मेडिकेड (कमी उत्पन्न असलेल्यांसाठीची सरकारी आरोग्य योजना) लाभार्थ्याची 50 डॉलरपेक्षा जास्त रक्कम संस्थेच्या पैशांपासून वेगळ्या, व्याजी खात्यात ठेवावी लागते आणि निवासी वारल्यावर 30 दिवसांत हिशेबासह सोपवावी लागते. पावत्याही चाळा: अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या नावावर सहलीचा खर्च, एकाच दिवशी चाळीस जणांची सारख्याच रकमेची केशकर्तनं, एका हातच्या वीस सह्या.

इमारतीचं भाडं कुणाला जातं, ते मालकी हक्काच्या कागदावरून पाहा, नुसत्या करारावरून नको. मालक विश्वस्ताचा नातलग निघाला तर ‘दर बाजारभावाइतका आहे’ एवढ्या उत्तरावर सोडू नका. आंतरराष्ट्रीय लेखापरीक्षण मानकांतलं 550 क्रमांकाचं मानक अशा संबंधित व्यक्तींच्या व्यवहारांवरच आहे.

नमुना निवडताना एक चूक महाग पडते. संशयास्पद 40 फायली मुद्दाम निवडायच्या आणि त्यांतली चूक सगळ्या 400 फायलींवर पसरवून वसुली काढायची. अशी वसुली अपिलात टिकत नाही. पसरवायची असेल तर नमुना यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठ्या टाकून काढल्यासारखा हवा आणि तो कसा काढला याची नोंद हवी. संशयाच्या फायली वेगळ्या तपासा, त्यांची वसुली तेवढ्यापुरतीच.

आक्षेपात नियम, घडलेली गोष्ट, रक्कम, पुरावा आणि संस्थेचं उत्तर, एवढं आलं की पुरे. ‘घोटाळा’ हा शब्द टाळा. हेतू ठरवणं ऑडिटचं काम नाही. औषधांच्या तक्त्याची प्रत जोडताना निवाशाचं नाव झाकून फक्त नोंदणी क्रमांक उघडा ठेवा, कारण तुमचा अहवाल पुढे कितीतरी टेबलांवरून फिरणार असतो.