शाफ्ट-ड्राइव्ह क्रूझरची थरथर: माझा अनुभव
माझ्या क्रूझर मोटरसायकलचे मागचे चाक साखळीऐवजी फिरत्या दांड्याने (शाफ्टने) चालते. तिचा वेग ताशी ९० किलोमीटरपुढे गेला, की पाय ठेवायच्या फुटपेगमध्ये थरथर सुरू होई. क्लच दाबूनही ती थांबत नसल्याने दोष इंजिनात नव्हता. चाकाचे बॅलन्सिंग झाले, नवा टायर झाला. फरक शून्य, आणि मी पुरता वैतागलो.

अखेर मागचे चाक उतरवले, तेव्हा हबच्या (चाकाच्या मध्यभागाच्या) स्प्लाइनवर, म्हणजे शाफ्टची ताकद चाकाला देणाऱ्या दात्यांवर, ग्रीसऐवजी गंजाची तांबूस भुकटी दिसली; दाते मात्र सुदैवाने शाबूत होते. ते रॉकेलने धुऊन, कोरडे करून त्यांवर मॉलिब्डेनम डायसल्फाइडची वंगण पेस्ट लावली. फायनल ड्राइव्हचे (शाफ्टची गती चाकाकडे वळवणाऱ्या गिअरपेटीचे) नट ढिले ठेवून चाक बसवले, आधी अ‍ॅक्सलचा (चाकाच्या आसाचा) नट मॅन्युअलमधील टॉर्कने (पिळाच्या जोराने) आवळला आणि त्यानंतरच ते ढिले नट समोरासमोरच्या क्रमाने घट्ट केले, कारण उलट केल्यास जुळणी किंचित तिरकी बसू शकते. आता ताशी १०० लाही आरशातली मागची गाडी स्पष्ट दिसते.