डबा सुरू करायचाय? आधी आठवडाभर टपरीवर उभे रहा

घरगुती डब्याचा धंदा डोक्यात असेल तर मोठा कुकर, डबे, बॅनर यातलं काहीही घ्यायच्या आधी गिऱ्हाइकांशी बोलून घ्या. पुण्याचंच बघा, सदाशिव पेठ नारायण पेठेत एमपीएससीची पोरं हजारोंनी राहतात, गल्लोगल्ली अभ्यासिका आणि मेस, त्यामुळे वाटतं की गिऱ्हाईक तर दारातच आहे आणि माणूस तिथेच फसतो.

नातेवाईकांना विचारू नका. मावशी चव घेऊन छानच म्हणणार, तिला कुठे दर महिन्याला पैसे भरायचेत.

पोरांनाही आपली आयडिया आधी सांगायची नाही. "घरगुती डबा मिळाला तर घेशील का?" याला नाही कोण म्हणेल? त्यापेक्षा झालेलं विचारा. काल रात्री कुठे जेवलास, किती गेले, मागची मेस का सोडलीस, खाडे धरतात का. आणि रविवारी रात्री मेस बंद असते तेव्हा काय करतोस हे तर विचाराच, यावर पोरं सुटतात, कोणी वडापाववर भागवतं, कोणी रूमवर मॅगी, कोणी चौघांत बिर्याणी मागवतं, म्हणजे त्या रात्रीचे पैसे सध्या कुठे जातायत ते तुम्हाला आपोआप कळतं.

"भाजीत तेल फार असतं" ऐकलं की लगेच "आमच्याकडे कमी तेल हं" सुरू करू नका (मी केलंय, समोरचा गप्पच झाला). विचारा, मग काय केलंस? वर्षभर कुरकुर करत तिथेच जेवत असेल तर त्याला तेलाचा तेवढा त्रास नाहीये. ज्यानं दोन मेस बदलल्या किंवा वैतागून रूमवर इंडक्शन आणून खिचडी लावायला घेतली तो आपला माणूस, त्याचा नंबर घ्या.

जेवायच्या वेळी कोणाला थांबवू नका, संध्याकाळी चहाला बाहेर पडतात तेव्हा गाठा, तेही एकट्याला, कारण ग्रुपमध्ये एक बोलतो आणि बाकीचे माना डोलावतात. चहाचे पैसे तुम्ही द्या. घरी आल्यावर त्यांच्याच शब्दात लिहून ठेवा, "भाजी पाणचट" म्हणाला असेल तर पाणचटच लिहा.

पंधरा-वीस जणांनंतर तेच तेच ऐकू यायला लागलं की मग सांगा, पुढचे चार रविवार रात्रीचा डबा देतोय, पैसे आधी, आत्ताच जीपे कर. इथे खरं काय ते कळतं. "कळवतो" म्हणजे नाही, आपण मराठी माणसं तोंडावर नाही म्हणत नाही. आठ-दहा जणांनी पैसे टाकले तर घरच्याच भांड्यात चार रविवार करून बघा. दोघांनीच टाकले तर त्यांचे परत करा, आणि कळवतो म्हणणाऱ्यांना सोमवारी गाठून विचारा, काल रात्री काय खाल्लं?