मेइजी काळातला स्थानिक इतिहास कसा अभ्यासावा: आइझूच्या निमित्ताने

मेइजी सम्राटाच्या काळात (१८६८ ते १९१२) जपान ‘एक राष्ट्र’ कसं झालं, हे टोकियोच्या हुकुमांवरून अर्धंच कळतं. त्यापेक्षा एकच संस्थान घ्या आणि १८६८ ते १८८२ एवढाच काळ धरा. आइझू त्यासाठी सोयीचं आहे. बोशिन युद्धात, म्हणजे १८६८-६९ मध्ये सम्राटाची बाजू आणि शोगुनची जुनी लष्करी राजवट यांच्यात झालेल्या लढाईत, हरलेलं हे संस्थान आज फुकुशिमा प्रांताच्या पश्चिम भागात येतं.

आधी तारखा लावून घ्या, निम्मे घोळ तिथेच होतात. १ जानेवारी १८७३ पूर्वीच्या नोंदी चांद्र-सौर पंचांगाच्या आहेत आणि त्यात आपल्यासारखाच अधिक मास येतो. १८६८ साली चौथा महिना अधिक होता. आइझूचा वाकामात्सु किल्ला शरण आला नवव्या महिन्याच्या २२ तारखेला, म्हणजे ६ नोव्हेंबर १८६८. बरेच जण सरळ २२ सप्टेंबर लिहून मोकळे होतात. मेइजी ५ चा, म्हणजे १८७२ चा, बारावा महिना तर दोनच दिवसांचा होता. त्या महिन्यातला पंधरावा दिवस वाचलात, तर महिना किंवा वर्ष पुन्हा तपासा.

मग कोकु, म्हणजे संस्थानाचं उत्पन्न तांदळात मोजण्याचं माप. एक कोकु म्हणजे सुमारे १८० लिटर, तांदळात साधारण १५० किलो. आइझूचा दर्जा २,३०,००० कोकुंचा. पराभवानंतर आइझूच्या सामुराईंना उत्तरेकडे तोनामीला हलवलं. ते कागदावर ३०,००० कोकुंचं, पण प्रत्यक्ष उत्पन्न सुमारे ७,०००. दरबारातलं स्थान पाहायचं तर कागदी आकडा घ्या, उपासमार समजून घ्यायची तर प्रत्यक्षातला.

पुढे प्रत्येक गावासाठी तीन रकाने आखा: जुनं संस्थान, १८७१ चा प्रांत, १८७६ चा प्रांत. २९ ऑगस्ट १८७१ ला संस्थानं खालसा झाली आणि ३०२ ‘केन’ (प्रांत) झाले. वर्ष संपेपर्यंत ते ७२ वर आले. वाकामात्सु केन १८७६ मध्ये फुकुशिमात विलीन झाला. तोनामीला गेलेल्या सामुराई कुटुंबांचा माग मात्र आओमोरीत काढावा लागतो, कारण तोनामी तिकडे गेलं. ऑनलाइन सूचीत नावं जुन्या आणि नव्या, दोन्ही लिपीरूपांत टाकून पाहा. मोडीसारखी धावती जपानी लिपी अडली, तर ‘मिवो’ ॲप पहिला अंदाज देतं. त्यातले आकडे आणि नावं मात्र स्वतः ताडून घ्या.

आता १८८२. फुकुशिमाचा गव्हर्नर मिशिमा मिचित्सुने, मूळचा सात्सुमाचा, म्हणजे १८६८ मध्ये आइझूविरुद्ध लढलेल्या संस्थानाचा. आइझूच्या रस्त्यांसाठी त्याने १५ ते ६० वयाच्या स्त्री-पुरुषांवर महिन्याला एक दिवस याप्रमाणे दोन वर्षांची वेठ लादली. न येणाऱ्या पुरुषाला १५ सेन (सेन म्हणजे येनचा शंभरावा भाग), बाईला १० सेन भरावे लागत. विरोध पेटला आणि धरपकड झाली. ‘हरलेल्या आइझूने सूड घेतला’ असा अर्थ इथे लावायचा मोह होतो. तो टाळा. विरोधात पुढे होते ते सधन शेतकरी आणि गावप्रमुख. आइझूच्या माजी सामुराईंपैकी अनेक जण तर गव्हर्नरच्याच बाजूला होते. आंदोलनाचा नेता कोनो हिरोनाका हा मिहारूचा, आणि मिहारूने १८६८ मध्ये सम्राटाच्या फौजेपुढे मान तुकवली होती. म्हणून कागद वाचताना प्रत्येक नावापुढे दोन गोष्टी टिपा: १८६८ ला तो कुठल्या बाजूला होता आणि १८८२ ला त्याच्या नावावर जमीन किती होती.