पावसाळ्यात रिअर व्हील ड्राइव्ह गाडी काढताय? या चुका टाळा

मे संपत आला की दर वर्षी तेच. युट्यूबवर कोणीतरी जर्मनीतला नाहीतर कॅनडातला माणूस आपली स्पोर्ट्स कार हिवाळ्यासाठी कशी तयार करायची ते दाखवतो आणि आमची पोरं ते जसंच्या तसं गोव्यात करायला बघतात. अरे बाबांनो, आपला हिवाळा म्हणजे गाडी चालवायचा सगळ्यात मस्त सीझन, मागच्या चाकांवर पळणाऱ्या गाडीची खरी परीक्षा इथे जून ते सप्टेंबर असते. तिकडे बर्फ, इकडे पाणी, शेवाळ आणि रस्त्यावर वाहून आलेली तांबडी माती. त्यामुळे विंटर टायर कुठे मिळतील हे विचारू नका. तिकडे ७ डिग्रीच्या खाली साध्या टायरचं रबर कडक पडतं म्हणून ते मऊ रबराचे टायर घालतात, आपल्याकडे भर जुलैत रात्रीसुद्धा २३-२४ च्या खाली सहसा जात नाही, इथे ते टायर नुसते झिजतील आणि वळणात गाडी लुळी वाटेल.

डिकीत रेतीच्या पिशव्या टाकायचं खूळही तिकडूनच आलंय. रिकाम्या पिकअपला मागे वजन नसतं, तिला ठीक आहे. स्पोर्ट्स कारमध्ये पुढे-मागे वजन आधीच जवळपास सारखं वाटलेलं असतं, त्यात मागच्या ॲक्सलच्याही मागे वजन टाकलं तर गाडी एकदा फिरायला लागली की ते तिला अजून फिरवतं. शिवाय गोव्यात रेती मिळवणं ही वेगळीच भानगड, ते असो.

आता माझ्या डोक्यात जाणारी चूक. "टायरला नक्षी भरपूर आहे, अजून दोन पावसाळे जातील." नक्षी किती उरलीय हे सगळे बघतात, टायर किती जुना आहे हे कोणी बघत नाही. अशा गाड्या महिन्यातून एखाद्या रविवारी बाहेर निघतात, बाकी वेळ पोर्चमध्ये उभ्या, मग नक्षी झिजणार कशी? पण रबर म्हातारं होतंच. टायरच्या बाजूला डीओटी (DOT) लिहिलेलं असतं त्याच्या शेवटचे चार आकडे बघा, २३१७ म्हणजे २०१७ सालातला २३ वा आठवडा. नखाने दाबून बघा, रबर प्लास्टिकसारखं लागलं तर नक्षी ८ मिलिमीटर असली तरी ओल्या रस्त्यावर काही उपयोग नाही.

फोंड्याच्या आमच्या एका मित्राने अशीच दोन दारांची, मॅन्युअल गिअरची गाडी सेकंडहँड घेतली. किलोमीटर कमी, टायर काळेकुळकुळीत. मी सांगितलं टायर बदल, तर म्हणे इन्शुरन्स, पीपीएफ (रंगावर चढवायची पारदर्शक फिल्म), एक्झॉस्ट यातच पैसे संपले (एक्झॉस्टला पैसे होते हं). पहिल्या पावसातच बेळगावला गेलो, तो पुढे, मी मागे माझ्या साध्या गाडीत. येताना चोर्ला घाटात केरीच्या बाजूला उतरत होतो, पाऊस रिपरिप, रस्त्यावर पाला पडलेला. वळण आलं तसा याने तिसऱ्यावरून दुसरा टाकला आणि क्लच धाडकन सोडला. पुढचं मला समोरच दिसलं, मागची चाकं क्षणभर अडली, शेपूट बाहेर आली, याने घाबरून ब्रेक दाबला आणि गाडी गर्रकन फिरून माझ्याकडे तोंड करून उभी राहिली, मागचा बंपर डोंगराकडच्या गटारात. दरीच्या बाजूला गेली असती तर हे लिहायला हात उठला नसता. आणि खाली उतरल्यावर साहेब म्हणतात काय, ट्रॅक्शन कंट्रोल (चाकं घसरू नयेत म्हणून असलेली यंत्रणा) खराब आहे! नंतर टायरवरचे आकडे वाचले तर गाडीसोबत आलेलेच टायर, आठ वर्षांचे.

यात दुसरी चूकही आली. घाट उतरताना खालच्या गिअरमध्ये उतरा हे बरोबरच आहे, पण रिअर व्हील ड्राइव्हमध्ये इंजिनाचा ब्रेक फक्त मागच्या दोन चाकांना लागतो. ओल्यात गिअर झटक्यात उतरवला तर अर्धवट हँडब्रेक ओढल्यासारखंच होतं. ट्रॅक्शन कंट्रोल मुळात ॲक्सिलरेटर जास्त दाबल्यावरचं स्पिन सांभाळायला असतो, जुन्या गाड्यांमध्ये या प्रकाराला तो काही करत नाही. मी घाट सुरू व्हायच्या आधी, सरळ रस्त्यावरच गिअर उतरवतो, थोडी रेस देऊन क्लच हळू सोडतो आणि वळणात क्लचला पायच लावत नाही. वळणात ॲक्सिलरेटर एकदम सोडायचाही नाही. कंटाळवाणं वाटतं? मग बस पकडा.

टायरमधली हवा कमी करणं. हे कोणी पसरवलं मला माहीत नाही पण प्रत्येक पंक्चरवाला छातीठोकपणे सांगतो की पावसात हवा कमी ठेवा, ग्रिप येते. चिखलात, रेतीत येते. डांबरावर पाणी साचलं की उलटं. नासाने १९६० च्या दशकात विमानांच्या टायरवर काम करून एक हिशोब काढला, टायर पाण्यावर तरंगायचा वेग हवेच्या दाबाच्या वर्गमुळावर अवलंबून असतो. त्या हिशोबाने ३२ पीएसआयला तो वेग ताशी ९४ किलोमीटरच्या आसपास येतो, २४ ला ८२ वर. गाडीच्या टायरला आणि नक्षीला हे आकडे तंतोतंत लागू नाहीत, पण दिशा तीच. त्यात स्पोर्ट्स कारचे मागचे टायर २७५ मिलिमीटर वगैरे रुंद, रुंद टायर पाण्यावर अजून लवकर चढतो. नव्या झुआरी पुलाचा चकाचक रस्ता बघून पाय जड होतो ना, तिथेच हे आठवा. दरवाजाच्या स्टिकरवर लिहिलंय तेवढी हवा, थंड टायरमध्ये, आणि गेज स्वतःचा ठेवा.

दोनच टायर घेणार असाल आणि चारही एकाच साइजचे असतील तर नवे मागे. दुकानदार पुढे घालायला बघेल, घालू देऊ नका.

टायर पॉलिश बाजूला लावतात, नक्षीवर नाही. असे महाभाग बघितलेत मी.

एलएसडी (लिमिटेड स्लिप डिफरन्शियल, म्हणजे एकच चाक नुसतं गरगरू न देणारा भाग) आहे म्हणून निश्चिंत राहू नका, ओल्यात जास्त रेस दिली तर दोन्ही मागची चाकं एकत्र घसरतात आणि गाडी थेट आडवी होते. गाडीत रेन किंवा वेट मोड असेल तर वापरा, लाज वाटायचं कारण नाही. पहिल्या सरीत रस्त्यावरचं तेल वर येतं, त्या दिवशी मी गाडी काढतच नाही.

सॉफ्ट टॉपवाल्यांनी (कापडी, उघडणाऱ्या छताच्या गाड्या) छताच्या कडेच्या ड्रेनमधला पाला मे महिन्यातच काढायचा. जुन्या बीएमडब्ल्यू झेड४ मध्ये छताची मोटर नेमकी त्या ड्रेनच्या खड्ड्यात बसते, ड्रेन तुंबला की मोटर बुडते आणि मग बिल बघून डोळे पांढरे.

चतुर्थीपर्यंत गाडी उभीच राहणार असेल तर सपाट जागेवर हँडब्रेक सोडा, गिअरमध्ये ठेवा आणि चाकाला लाकडाचा ठोकळा लावा, नाहीतर पॅड गंजून डिस्कला चिकटतात. ओल्या गाडीवर प्लास्टिक कव्हर टाकू नका, आत बुरशीची शेती होते.

आणि साचलेल्या पाण्यात "समोरची ॲक्टिवा गेली ना" म्हणून घालू नका, तुमचा एअर इनटेक (इंजिन हवा ओढतं ते तोंड) तिच्यापेक्षा खाली असू शकतो. पाण्यात बंद पडली तर परत स्टार्ट मारायचा नाही, इंजिनात शिरलेलं पाणी हवेसारखं दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिन प्रोटेक्ट ॲड-ऑन नसेल तर इन्शुरन्सवाले सहसा हात वर करतात. ढकलून बाहेर काढा, टोइंगवाल्याला बोलवा आणि गॅरेजमध्ये डिफरन्शियलचं (मागच्या दोन चाकांना ताकद वाटणारा गिअरचा डबा) ऑइलही बघायला सांगा. गरम डिफरन्शियल एकदम थंड पाण्यात गेलं की ब्रीदरमधून (हवा जायच्या भोकातून) पाणी आत ओढतं, ऑइल दुधाच्या चहासारखं निघालं तर लगेच बदलून घ्या.