हॅश-निर्मात्यांच्या स्पर्धेला कोल्हापुरातून जाताना

कॅनाबिसच्या, म्हणजे गांजाच्या झाडाच्या, फुलांवरील राळ वेगळी करून हॅश (चरस) बनवणाऱ्या कारागिरांच्या स्पर्धा अमेरिकेतील काही राज्यांत आणि युरोपातील काही शहरांत भरतात. १९८८ मध्ये ॲमस्टरडॅमला सुरू झालेला ‘कॅनाबिस कप’ आणि २००३ पासून उत्तर कॅलिफोर्नियात भरू लागलेला ‘एमराल्ड कप’ ही त्यांतील जुनी, परिचित नावे होत. अशा स्पर्धेला कोल्हापुरातून जाण्याची इच्छा असेल तर केवळ प्रेक्षक म्हणून जावे, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि पुढील सर्व सूचना तेवढ्याच भूमिकेसाठी आहेत.

याचे कारण कायद्यात आहे. ‘एनडीपीएस’ या नावाने ओळखला जाणारा १९८५ चा अमली पदार्थविरोधी कायदा भारताबाहेर असलेल्या भारतीय नागरिकांनाही लागू होतो, असे त्याच्या पहिल्याच कलमात म्हटले आहे. म्हणजे ज्या देशात हॅश विकत मिळते, तेथेही आपल्या पासपोर्टबरोबर आपला कायदा आलेला असतो. महाशिवरात्रीच्या भांगेचा दाखला देऊन यावर वाद घालणारे पुष्कळ भेटतात. परंतु शेंड्यांविना असलेली पाने आणि बिया या कायद्याच्या व्याख्येबाहेर आहेत, तर राळ, म्हणजेच चरस, पूर्णपणे व्याख्येच्या आत आहे. १०० ग्रॅमपर्यंतचे चरस ‘अल्प प्रमाण’ मानले जाते व त्यासाठीही एक वर्षापर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. १ किलोच्या वर ते ‘व्यापारी प्रमाण’ ठरते आणि शिक्षा किमान दहा वर्षांची होते.

देश निवडताना ‘तिकडे सगळे चालते’ या ऐकीव माहितीवर विसंबू नये. नेदरलँड्समध्ये ‘कॉफीशॉप’ म्हणवणाऱ्या कॅनाबिसच्या दुकानांतील ५ ग्रॅमपर्यंतच्या विक्रीकडे काणाडोळा केला जातो, पण ती कायदेशीर झालेली नाही. स्पेनमध्ये खासगी जागेतील सेवन गुन्हा नसले तरी सार्वजनिक ठिकाणी जवळ माल सापडल्यास किमान ६०१ युरो दंड होतो. जर्मनीने १ एप्रिल २०२४ पासून मोकळीक दिली. तेथील कॅनाबिस पिकवून सदस्यांना देणारे क्लब मात्र स्थानिक रहिवाशांसाठीच आहेत. थायलंड मुंबईहून स्वस्तात गाठता येते म्हणून अनेकांची नजर तिकडे वळते; तेथे ०.२ टक्क्यांहून अधिक टीएचसी (कॅनाबिसमधील नशा आणणारा घटक) असलेला अर्क अमली पदार्थच गणला जातो, आणि हॅशमधील प्रमाण त्याच्या कितीतरी पट असते. पाहुण्याच्या दृष्टीने सर्वांत स्पष्ट नियम कॅलिफोर्नियाचे वाटतात. तेथे अशा कार्यक्रमाला राज्याचा परवाना लागतो, सेवनाच्या जागेत २१ वर्षांखालील व्यक्तीला प्रवेश नसतो, आणि त्या जागेत दारू व तंबाखू दोन्हींना मज्जाव असतो.

अमेरिकेच्या बाबतीत एक गुंता लक्षात घ्यावा. राज्याने परवानगी दिली तरी संघराज्याच्या कायद्यात कॅनाबिस निषिद्धच आहे आणि व्हिसा संघराज्य देते. परदेशी नागरिकाने सेवनाची कबुली दिली, तर कोठेही गुन्हा सिद्ध झालेला नसताना प्रवेश नाकारला जाऊ शकतो. त्यामुळे अर्जात आणि मुंबईच्या मुलाखतीत खरे तेच सांगावे, आणि ते खरे सांगणे सोपे जावे म्हणूनही सेवनापासून दूर राहावे. शेंगेनच्या, म्हणजे युरोपातील बहुतेक देशांच्या सामाईक, व्हिसासाठी प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. त्यासोबत किमान ३०,००० युरोचा प्रवासविमा जोडावा लागतो. कोल्हापूरहून रात्रीची महालक्ष्मी एक्सप्रेस धरली की सकाळी मुंबई गाठता येते, परंतु मुलाखतीच्या दिवशीच पोहोचण्याचा हिशेब करू नये, आदल्या दिवशी मुक्काम करावा.

आता प्रत्यक्ष स्पर्धेविषयी. कारागीर आपले नमुने आधीच आयोजकांकडे देतात, त्यांवरील नावे काढून क्रमांक घातले जातात आणि परीक्षकांना ते क्रमांकानेच मिळतात. काही ठिकाणी स्पर्धकच एकमेकांच्या मालाला गुण देतात. गटांची ओळख आधी करून घ्यावी, नाहीतर सगळ्या बरण्या सारख्याच दिसतात. हाताने चोळून काढलेली राळ, कोरड्या चाळणीतून गाळलेली राळ, बर्फाच्या पाण्यात सुटी करून गाळलेली राळ, आणि अशी राळ उष्णता व दाब देऊन पिळल्यावर मिळणारे रोझिन, हे मुख्य प्रकार आहेत. चाळण्यांच्या छिद्रांचे माप मायक्रॉनमध्ये (मिलिमीटरच्या हजाराव्या भागात) सांगतात. ७३ ते १२० च्या दरम्यान अडकलेल्या राळेच्या ग्रंथी उत्तम समजल्या जातात, म्हणून बरण्यांवर हेच आकडे वारंवार दिसतील. यंत्राने चाळण्याचा प्रकार तुलनेने अलीकडचा असून, डच कारागीर मिला यान्सेन यांनी १९९४ मध्ये बाजारात आणलेल्या ‘पॉलिनेटर’ यंत्राने राळ चाळण्याच्या कामाला मोठी गती दिली.

परीक्षण कसे होते हे कोल्हापूरकराला समजावणे अवघड नाही. शाहू मार्केट यार्डात सौद्याच्या वेळी अडते गुळाची ढेप फोडून रंग, कणी आणि चव पाहतात आणि त्यावरून कोणत्या गुळव्याचा हात आहे हे ओळखू पाहतात. येथेही तसेच आहे. रंग एकसारखा व फिकट आहे का, हिरवट झाक म्हणजे पानाचा अंश तर मिसळलेला नाही ना, बोटाच्या उबेने माल मऊ होतो का, हे आधी पाहतात. मग वास येतो, आणि सर्वाधिक मतभेद तेथेच होतात. उष्णतेवर ठेवल्यावर जे बुडबुडे काढत पूर्ण वितळते आणि मागे काळा अवशेष ठेवत नाही, त्याला वरचा दर्जा मिळतो. एक ते सहा ताऱ्यांची श्रेणी यावरच उभी आहे.

प्रेक्षकाला यांतील बराचसा भाग न चाखता अनुभवता येतो. बरणी उघडण्यापूर्वी विचारावे, ती नाकाजवळ आणावी पण त्यात श्वास सोडू नये, आणि माल बोटाने चाचपू नये. लागोपाठ अनेक वास घेतले की नाक बधिर होते. म्हणून मोजक्याच बरण्या निवडाव्यात, सौम्य वासापासून सुरुवात करावी आणि दर वेळी लगेच टिपण करावे. कारागिराला भाव विचारण्यापेक्षा झाड ताजे असतानाच गोठवले की आधी वाळवले, राळ कशी वाळवली आणि किती थंडीत ठेवली, हे विचारावे. या प्रश्नांनी माणूस मोकळा होतो. छायाचित्रासाठी परवानगी घ्यावी. इतर पाहुण्यांचे चेहरे टिपू नयेत. कोणी आग्रहाने झुरका पुढे केला तर नम्रपणे नकार द्यावा. रोझिनमध्ये टीएचसी अनेकदा ७० टक्क्यांहून अधिक असते, आणि नवख्या माणसाला घबराट, उलट्या व चक्कर येण्यास तेवढे पुरते. सेवनाच्या बंदिस्त दालनात फार वेळ थांबू नये, विशेषतः परतल्यावर नोकरीसाठी वैद्यकीय चाचणी असेल तर.

परतीच्या सामानाकडे सर्वांत अधिक लक्ष द्यावे. स्पर्धेत घातलेले कपडे धुऊनच बॅगेत भरावेत, खिसे उलटे करून पाहावेत, आणि भेट म्हणून मिळालेली रिकामी बरणी, वापरलेली चिलीम किंवा सीबीडीचे (कॅनाबिसमधील नशा न आणणाऱ्या घटकाचे) तेल तेथेच सोडावे. विमान दुबई किंवा सिंगापूरमार्गे असेल तर ही तपासणी दुप्पट काटेकोर हवी, कारण त्या देशांत केवळ विमान बदलणाऱ्या प्रवाशालाही तेथलाच कायदा लागू होतो.