बंद पद्धतीची सेंट्रल हीटिंग यंत्रणा कशी बसवावी

घर उबदार ठेवणाऱ्या जुन्या यंत्रणांमध्ये माळ्यावर एक उघडी टाकी असे; पाणी तापून फुगले की ते तिच्यात चढे आणि निवले की परत खाली उतरे. बंद यंत्रणेत ही टाकी नसते. पाणी तापवणारा बॉयलर, पंप, पाइप आणि खोलीला ऊब देणारे रेडिएटर यांतून तेच ते पाणी दाबाखाली फिरत राहते, बाहेरच्या हवेशी त्याचा संबंध येत नाही आणि म्हणून आतून गंजही कमी चढतो. मात्र १० अंश सेल्सियसचे पाणी ८० अंशांपर्यंत तापवले तर त्याचे आकारमान सुमारे ३ टक्क्यांनी वाढते. या वाढीव पाण्याला जागा कुठे द्यायची, हा बंद यंत्रणेतला कळीचा प्रश्न आहे.

कामाला हात घालण्यापूर्वी एक मर्यादा पाळावी. गॅसची जोडणी, धुराड्याची नळी, बॉयलर प्रथम पेटवणे आणि विजेची जोडणी ही कामे परवानाधारक तंत्रज्ञाकडूनच करून घ्यावीत. पाण्याच्या बाजूची कामे नीट समजून घेतली, तर बरीचशी स्वतः करता येतात.

प्रथम रेडिएटरच्या जागा ठरवाव्यात. खिडकीखालची जागा सहसा चांगली, कारण काचेवरून खाली उतरणारी थंड हवा तिथेच अडते. तांब्याच्या पाइपांत साधारणपणे मुख्य मार्गासाठी २२ मिलिमीटरचे आणि फाट्यांसाठी १५ मिलिमीटरचे पाइप वापरतात. प्रत्येक रेडिएटरच्या एका टोकाला थर्मोस्टॅटिक व्हॉल्व्ह (खोली हवी तितकी तापली की आपोआप मिटणारा) आणि दुसऱ्या टोकाला प्रवाह ठरवणारा लॉकशील्ड व्हॉल्व्ह बसवावा. सगळे थर्मोस्टॅटिक व्हॉल्व्ह एकाच वेळी मिटले तरी पंपाला वाट मोकळी राहावी म्हणून बायपास, म्हणजे रेडिएटर वगळून पाणी परत नेणारा आडमार्ग, ठेवावा. सर्वांत खालच्या ठिकाणी पाणी सोडण्याची तोटी, आणि परतीच्या पाइपवर बॉयलरच्या अलीकडे लोहचुंबकी गाळणी असावी.

आता एक्स्पान्शन व्हेसल, म्हणजे वाढीव पाणी सामावून घेणारे भांडे. या पोलादी भांड्यात रबराचा पडदा असतो. त्याच्या एका बाजूला यंत्रणेचे पाणी आणि दुसऱ्या बाजूला दाबाने भरलेली हवा. पाणी फुगले की पडदा हवेकडे सरकतो. अनेक बॉयलरमध्ये हे भांडे आतच असते, पण ते आपल्या घराला पुरेल असे गृहीत धरू नये. समजा, यंत्रणेत १०० लिटर पाणी आहे. ते तापल्यावर ३ लिटरने वाढेल. भांड्यातली हवा गेजवर, म्हणजे दाब दाखवणाऱ्या काट्यावर, १ बार आहे (बार हे दाबाचे एकक) आणि तिला २.५ बारपेक्षा जास्त दाबू द्यायचे नाही. वातावरणाचा १ बार मिळवला तर हे दाब २ आणि ३.५ होतात, म्हणजे हवा मूळ जागेच्या सुमारे ५७ टक्क्यांत मावते आणि पाण्याला ४३ टक्के जागा मिळते. तीन लिटरसाठी किमान ७ लिटरचे भांडे लागेल. थंड असतानाही थोडे पाणी आत शिरलेले असते, म्हणून १० किंवा १२ लिटरचे घ्यावे. इथे काटकसर नको.

हे भांडे पंपाच्या ओढीच्या बाजूला, परतीच्या पाइपवर जोडावे. हवेचा दाब पाणी भरण्यापूर्वीच तपासावा. त्यासाठी टायरसारखाच व्हॉल्व्ह असतो आणि सायकलचा पंप चालतो. भांड्यापासून सर्वांत वरच्या रेडिएटरपर्यंतच्या दर मीटर उंचीमागे ०.१ बार धरून त्यात थोडी भर घालावी. यंत्रणा भरलेली असताना हाच दाब मोजला तर गेज पाण्याचा दाब सांगते, हवेचा नव्हे, आणि भलताच निष्कर्ष निघतो.

दाब फार वाढला तर पाणी बाहेर सोडणारा सेफ्टी व्हॉल्व्ह घरगुती यंत्रणेत बहुधा ३ बारला उघडतो. बॉयलर आणि हा व्हॉल्व्ह यांच्यामध्ये बंद करता येईल असे काहीही बसवू नये. त्याचा सांडपाइप धातूचा असावा, त्याला सलग ढाळ असावा आणि त्याचे तोंड दिसेल अशा, पण कुणाच्या अंगावर कढत पाणी उडणार नाही अशा जागी काढावे.

जोडणी झाली की फिलिंग लूपमधून, म्हणजे नळाचे पाणी यंत्रणेत भरण्याच्या सुट्या नळीतून, पाणी सावकाश सोडावे. दाबाच्या गेजचा काटा १ बारकडे जाईपर्यंत प्रत्येक जोडाखालून कोरडा कागद फिरवावा. डोळ्यांना न दिसणारा पाझर कागदावर लगेच उमटतो. मग पंप बंद ठेवून खालच्या मजल्यापासून हवा काढायला सुरुवात करावी. रेडिएटरच्या वरच्या टोकाचा हवेचा स्क्रू किल्लीने अर्धा फेरा सैल केला की फुस्स आवाज येतो, मग पाणी थुंकल्यासारखे तुटक येते आणि शेवटी सलग धार लागते. धार लागताच स्क्रू आवळावा. प्रत्येक रेडिएटरनंतर काटा खाली येतो, म्हणून अधूनमधून पाणी भरावे.

हे पहिले पाणी ठेवू नये. त्यात सांधकामातला फ्लक्स (झाळताना लावलेला लेप) आणि धातूचा कीस असतो. ते पूर्ण सोडून, यंत्रणा धुऊन नव्या पाण्यात गंजरोधक द्रव घालावा. थंड असताना दाब १ ते १.५ बारच्या दरम्यान ठेवून फिलिंग लूप काढून टाकावा.

बॉयलर पेटल्यावर काटा थोडा वर चढणारच. तो ३ बारकडे धावला आणि सांडपाइप ठिबकू लागला, तर बहुधा भांड्यात हवा कमी आहे. हवेचा व्हॉल्व्ह क्षणभर दाबल्यावर पाणी आले, तर पडदा फाटला आहे. यानंतर बॉयलरजवळच्या रेडिएटरचे लॉकशील्ड थोडे आवळून लांबच्या रेडिएटरकडे पाणी वळवावे. या कामाला अर्धा दिवस सहज जातो. कंडेन्सिंग बॉयलर (धुरातली वाफ निववून तिची उष्णताही वापरणारा) असेल तर परतीचे पाणी ५५ अंशांच्या खाली राहील असे पाहावे, कारण त्याहून गरम पाण्यावर धुरातली वाफ फारशी निवत नाही आणि जादा उष्णता हाती लागत नाही.

पहिल्या काही दिवसांत उरलीसुरली हवा निघून दाब किंचित उतरतो. तेव्हा एकदा पाणी भरावे. त्यानंतरही काटा पुन्हा पुन्हा खाली येत असेल, तर प्रत्येक नव्या पाण्याबरोबर ताजा प्राणवायू आत जाऊन गंजाला खाद्य मिळते, म्हणून फिलिंग लूप जोडण्याआधी टॉर्च आणि कोरडा कागद घेऊन सगळे जोड पुन्हा पाहावेत.